तीन पावलांची शाळा

नोटीस आली तेव्हा आई कामावर होती. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि ती त्यांवरून कवळ्या घडवायची. मेणात बसवलेला दात ती कोरत होती, तोच नवऱ्याचा फोन आला.

"शिक्षण कार्यालयाचं पत्र आहे. चिमणी साठ दिवस शाळेत गैरहजर. खुलासा करा, नाहीतर कारवाई."

"गैरहजर कुठे? रोज साडेआठला तासाला बसते की!"

"ऑनलाइन शाळा त्यांच्या लेखी शाळाच नाही."

चिमणी बारा वर्षांची. वर्षापूर्वी तिला वडिलांचं मूत्रपिंड बसवलं होतं. गर्दीत पाठवू नका, साधी सर्दीही महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आईने तिला ऑनलाइन शाळेत घातलं. पण ती शाळा दुसऱ्या विभागातली, आणि नियम असा की मुलाने आपल्याच विभागातल्या शाळेत जायचं. बाहेर जायला परवानगी हवी. परवानगी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.

आईने कार्यालयात खेटे घालायला सुरुवात केली. खिडकीतला कारकून वाईट नव्हता, पण दाद लागू देत नव्हता.

"बाई, मुलगी आजारी आहे ना? मग वैद्यकीय रजा टाका."

"रजा टाकली की शिक्षण थांबलं."

"जिवापेक्षा एक वर्ष मोठं आहे का?"

"जीव वाचवला तो काय नुसता खिडकीत बसवायला?"

कारकुनाने समोरची फाईल मिटली. मग म्हणाला, "समितीकडे अपील करा. पण अजून कोणाला परवानगी मिळालेली नाही हं."

त्या संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, "चिमणीच्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांशी बोललोय. ते हजेरी लावून टाकतील. कोणाला कळणारही नाही."

"चिमणीला कळेल," आई म्हणाली. "रोज मन लावून शिकते आणि आपणच तिला खोटं पाडायचं?"

तिने दोनशे पानांचं नियमांचं पुस्तक मिळवलं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. भाषा अशी की डोकं उठावं. पण दात घडवणारीला केसाएवढी फट दिसते. बाविसाव्या दिवशी नियमांतली फट तिला दिसली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका.

"बोला," त्या म्हणाल्या.

आईने पुस्तक उघडलं. "हजेरीची व्याख्या वाचते. शिक्षकाला दिसेल आणि ऐकू येईल असं मूल उपस्थित असणं. एकाच छपराखाली, असं कुठेही लिहिलेलं नाही."

डावीकडचा सदस्य हसला. "शब्दांचा खेळ आहे हा."

"मग शब्द सोडा, तास बघा. तास दाखवला तर चालेल का, असं गणिताच्या बाईंना विचारलंय मी." तिने फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर चिमणी वहीवर वाकली होती. बाई म्हणाल्या, "चिमणे, छेद विसरलीस. पुन्हा कर." चिमणीने जीभ चावली, खोडलं, पुन्हा मांडलं आणि उत्तर सांगितलं. "आता बरोबर!"

अध्यक्षा चष्मा सावरून बघत राहिल्या. "माझ्या वर्गात साठ मुलं असायची," त्या म्हणाल्या. "एवढं लक्ष मला कधी देता आलं नाही."

"पण विभागाचं काय?" सदस्य अडून बसला.

"विभाग का आखले तेही छापलंय. मुलाला शाळा चालत गाठता यावी म्हणून. माझी मुलगी तीन पावलांत पोचते."

तिघं बराच वेळ कुजबुजले. मग अध्यक्षांनी निर्णय सांगितला. हजेरी मान्य. परीक्षेला बसता येईल, वेगळ्या खोलीत. मात्र परवानगी एकाच वर्षाची.

"पुढच्या वर्षी पुन्हा हे सगळं?"

"पुन्हा. नियम बदलणं आमच्या हातात नाही."

आईचे डोळे भरून आले, पण ते पुसायला ती थांबली नाही.

"मग पुढच्या वर्षीचा अर्ज आत्ताच द्या."

"अजून छापले नाहीत."

"हरकत नाही, कोऱ्या कागदावर लिहिते. आणि नियम बदलणं कोणाच्या हातात आहे, त्यांचाही पत्ता सांगा."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं.