पाठमोरा खाज्या

उत्तमचंदांनी स्टुलावर चढून माळ्यावरची पत्र्याची पेटी ओढली आणि खालच्या लुगड्यांच्या घड्यांवर धूळ सांडली. एरवी त्यांनी सगळं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. पायरीवर दिवालीबाई बसली होती. डोंगरातल्या पाड्यावरून शिरपूरच्या बाजाराला ती पायी आली होती.

"मना खाज्या गया, भाऊ," ती आल्या आल्या म्हणाली होती. "फोटो एकबी नही. तुमी त्यानं चित्र काढेल व्हतं ना?"

काढलं होतं. साठ-एकसष्ट साली त्यांना सातपुड्यात चित्रं काढत हिंडायचा नाद लागला होता. हात बेताचाच, पण पितळी दांडीवर बसवलेला काचेचा लोलक त्यांनी इंदूरहून आणला होता. त्यातून खाली पाहिलं की समोरचा डोंगर कागदावर उतरलेला दिसे. त्यावरून पेन्सिल फिरवली की चित्र तयार. त्या पहिल्याच फिरतीत त्यांना हिवतापानं गाठलं. ज्याच्या झोपडीत मुक्काम होता त्या खाज्यानं, दिवालीबाईच्या नवऱ्यानं, त्यांना पाठुंगळी घेतलं, अख्खा घाट उतरून सडकेवर आणलं, एसटीत बसवलं. पुढे लग्न झालं, मुलंबाळं झाली. खाज्यामुळेच हे दिवस दिसले, असं उत्तमचंद घरात नेहमी सांगत.

कागद सापडला. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"दिवालीबाई, यात तोंड नाही आलेलं. दरीकडे बघत उभा होता तो. मी हाका मारल्या, पण वळलाच नाही."

तिनं हात पुढे केला. कागद मांडीवर ठेवला. पदरानं बोटं पुसली आणि मगच चित्रावर टेकवली.

"हाऊ डावा खांदा…"

"तो चुकलाय. लोलक हलला असणार."

"नही, भाऊ. झाडवरतून पडना व्हता तो. तवयपासून खांदा असाच." तिनं बोट त्या खांद्यावरून फिरवलं. "बठ्ठा जनम मी त्याना मांगेच चालनू. माले तो असाच दखाये."

उत्तमचंद स्टुलावर बसले. उपरण्यानं त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बाहेर केळ्यांची गाडी खडखडत गेली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

तिनं नकारार्थी मान हलवली. "पावसामा घर गळस. आठे दुकानमाच ऱ्हाऊ द्या. बाजारले उनू का देखी लिसू."

दुपारी त्यांनी चित्र काचेत बसवून आणलं. गादीमागच्या खिळ्यावर टांगलं, मग खाली उतरून दुकानाच्या पायरीवर, ती बसली होती तिथे जाऊन बसले. तिथून चित्र नीट दिसत नव्हतं. ते उठले आणि हातोडी शोधू लागले.