गल्लीला ऐकू जाईल असं

थोआने स्कूटर विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशीच लावली. दादाच्या दारापर्यंत नेण्याचा तिला धीर होईना. गुडघे ठणकत होते, दोन रात्री धड झोप नव्हती, आणि जे बोलायला आली होती ते कसं काढायचं हे अजून ठरलं नव्हतं.

नाम दिन्ह शहरात तिचा शिवणकारखाना होता. लहान मुलांचे रात्रीचे कपडे, शिवायला तीस बायका. गेली बारा वर्षं कापड सीमेपलीकडून, चीनमधून यायचं, स्वस्त आणि थेट दारात. त्याआधी ते क्वेनदादाच्या मागांवरून येत असे. मग एके दिवशी थोआने दादाकडे गाडी पाठवणं बंद केलं. भांडण नाही, निरोप नाही. दादाने चोवीसातले अठरा माग भंगारात घातले, तेही तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. दरवर्षी आईच्या श्राद्धाला भावंडं एका चटईवर बसून जेवत आणि कापड हा शब्द कोणीच काढत नसे. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात.

आता युरोपशी व्यापाराचा करार झाला होता. डेन्मार्कच्या एक दुकानदार बाई कारखाना बघून गेल्या. माल पसंत होता, भाव जड जात होता. सूत कुठलंही चालेल, पण कापड याच देशात विणलेलं असेल तर आमच्याकडची जकात माफ होईल, भाव जमेल आणि दोन वर्षांचं काम पक्कं, असं त्या म्हणाल्या. मोठ्या गिरण्यांनी थोआची एवढीशी मागणी ऐकून चहासुद्धा विचारला नाही. इथल्या बाजारात गिऱ्हाईक उरलं नव्हतं, निम्मी मशीनं झाकून ठेवलेली. हे काम हुकलं तर टेटच्या, नव्या वर्षाच्या सणानंतर कारखान्याला कुलूपच.

दारात मिएनवहिनी नाळीची भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "अगंबाई! आज सासूबाईंचं श्राद्ध आहे की काय?"

"नाही हो वहिनी. दादा आहे का?"

"जाणार कुठे? आत आहे, दवाखान्याच्या पट्ट्या विणतोय."

आत सहाही माग धडधडत होते. याच आवाजात थोआ वाढली होती. पलीकडच्या मागावरून आई नुसते ओठ हलवायची आणि दोन्ही पोरं हातपाय धुऊन भाताच्या वाडग्यांपुढे बसायची. क्वेनने बहिणीला पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. भिंतीपाशी गेला आणि खटका खाली ओढला. माग थांबले. सगळी गल्ली एकदम गप्प झाली.

"दादा, मला तुझं कापड हवंय," ती हळूच म्हणाली.

क्वेनने कानामागे हात धरला. "काय? या मागांनी कान खाल्ले माझे. मोठ्याने बोल."

"कापड हवंय, दादा."

"अगं, नीट बोल की! जेवली नाहीस का?"

"कापड! तुझ्या मागांवरचं कापड!"

समोरचं दार उघडलं. तान म्हातारा दात कोरत उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मागोमाग आणखी दोन दारं वाजली. थोआचे कान तापले. क्वेनचा हात कानामागून हलेना.

"कशाला हवंय म्हणालीस?"

मग थोआचा बांध फुटला. "युरोपचं काम मिळतंय! करार झालाय, जकात माफ होते, पण कापड इथलंच लागतं! तुझ्याशिवाय होणार नाही! तेव्हा न सांगता बंद केलं, चुकलं माझं! बारा वर्षं चुकलं! आता तरी ऐकू आलं का?"

एवढं ओरडून ती सुताच्या गोणीवर बसली. तिला रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"माझे चार माग आहेत," तान म्हातारा दारातून म्हणाला. "गंज चढलाय, पण चालतील."

"माझे तीन. त्यांच्यावर कोंबड्या झोपतात," मागून एक बाई म्हणाली. "मीटरमागे काय देणार ते आधी सांगा."

क्वेनने कानामागचा हात काढला. "माझ्या एकट्याच्या सहा मागांत तुझा युरोप मावला असता होय? गल्लीला कळायला हवं होतं."

थोआने मान डोलावली. खरं होतं ते.

"आणि उद्या तो करार फिसकटला तर?" क्वेनने विचारलं.

"तर सांगायला येईन."

"स्वतः?"

"स्वतः येईन, दादा."

क्वेन भिंतीकडे वळला. त्याने खटका वर केला. माग पुन्हा धडधडू लागले, दारातली माणसं पांगली. थोआ गुडघ्यांवर हात देत उठली आणि दाराशी पोचल्यावर मागे वळली. पार टोकाच्या मागाआडून क्वेन नुसते ओठ हलवत होता. जेवून जा.

तिनेही तिथूनच ओठ हलवले. कशाला वहिनीला त्रास?

नाळीची भाजी आहे, तुला आवडते ती, त्याचे ओठ म्हणाले.

थोआ उंबऱ्यातच थांबली. एवढ्या गदारोळात, एवढ्या लांबून, त्याला तिचा शब्द न् शब्द कळला होता. म्हणजे मघाशीही, हळूच म्हणाली होती तेव्हाही, पहिल्यांदाच कळला होता. माग चालू असते तर तिचं बोलणं त्या दोघांतच राहिलं असतं.

ती परत आत वळली आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेली.