तुआवायचं खरं नाव

देव असून उपयोग काय, असं तुआवायला हल्ली रोज वाटायचं. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या बांधात होड्यांना आत यायची एकच वाट, आणि तिथलं पाणी त्याच्या हुकमात. पण देवांचा नियम मोठा खाष्ट: कोणी खऱ्या नावाने हाक मारली तरच हलायचं. आपण होऊन बोलायचंसुद्धा नाही.

मग नव्या राजाने 'वायनुई' असं नाव घेतलं. झालं! राजाच्या नावातला शब्द ऐऱ्यागैऱ्याने उच्चारायचा नाही, ही बेटाची रीत. 'वाय' म्हणजे पाणी. तो शब्द बंद, त्याऐवजी 'पापे'. लोक पापे पिऊ लागले, पापेत पोहू लागले, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना तुआवायचा तुआपापे झाला. भाजलेले नीरफणस, शहाळी, गाऱ्हाणी, सगळं त्या तुआपापेच्या नावाने यायचं. हा आपला शेजारच्या घरची पंगत बघावी तसा बघत बसायचा. एकटा, फार एकटा.

एका दुपारी समुद्र खवळला. मासेमारीच्या होड्या बांधाबाहेर अडकल्या. त्यांत म्हाताऱ्या हिनारेरेचा एकुलता एक तेइवा होता.

"तुआपापे, वाट दे!" सगळा किनारा ओरडत होता. तुआवायचा जीव तुटत होता, पण बोटही हलवता येईना.

हिनारेरे तेवढी गप्प. तिचा बाप तुआवायचा पुजारी होता. नियम तिला लहानपणापासून ठाऊक.

"अगं, ओरड की!" शेजारीण पाइया खेकसली. "पोरगा तुझा आहे ना बाहेर?"

"या नावाचा देवच नाही, बाई. ओ कोण देणार?"

"हळू बोल! राजाची माणसं ऐकतायत. जीभ घसरली तर तुझंच नाव टाकतील."

नाव टाकायचं म्हणजे त्या माणसाला पुन्हा कोणी हाक मारायची नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. पोटच्या पोरानेसुद्धा.

तेवढ्यात एक होडी उलटता उलटता वाचली. हिनारेरे तरातरा गुडघाभर पाण्यात शिरली.

"तुआवाय! मेल्या, झोपलास काय? माझ्या तेइवाला आत घे!"

तुआवाय उठला. इतक्या वर्षांनी! त्याने लाटा हाताने दाबून धरल्या, आणि होड्या एकामागून एक आत आल्या.

तेइवा उडी मारून आईकडे धावला. त्याने तोंड उघडलं, तोच पाइयाने त्याच्या तोंडावर हात दाबला. राजाचा माणूस शेजारीच उभा होता. तेइवा रडला, आणि मान खाली घालून निघून गेला.

पुढे तो आईच्या दाराशी मासा ठेवून जायचा. मुकाट्याने. ती दारामागे उभी राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकायची.

एका संध्याकाळी ओहोटीला ती चालत बांधावर आली आणि बसली. तुआवायला बोलायचं होतं, किती तरी बोलायचं होतं. तो वाट बघत राहिला.

"तुआवाय," ती शेवटी म्हणाली.

"काय हवं? सांग, काय करू?"

"काही करू नकोस. तेइवा सुखरूप आहे, मला पोचलं. तू नुसतं माझं नाव घे."

"हिनारेरे," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले.

"ओ," ती म्हणाली.