डागाचे टेबल

अपमान करणाऱ्या मनुष्याला आपण अपमान केला हे बहुधा ठाऊक नसते. ज्याचा झाला त्याला मात्र पुढे कित्येक दिवस दुसरे काही सुचत नाही. या दोघांच्या मधोमध ज्याला बसावे लागते, त्याच्या हाती दंड नसतो आणि निकाल देण्याचा अधिकारही नसतो. एक टेबल असते, आणि असते ऐकून घेण्याचे बळ. हे बळ वयोमानाने वाढते असे म्हणतात. वस्तुतः ते झिजते. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. ज्यांना उद्या पुन्हा एकाच छताखाली उभे राहायचे आहे, त्यांना तसे उभे राहता यावे, एवढ्यासाठी सलोखा असतो. त्याचे श्रम कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

सलोखा कक्षातील मध्यस्थ बाईंना हे श्रम अंगवळणी पडले होते. दुपार कलली होती. सकाळपासून दोन प्रकरणे चालवून त्यांचा घसा कोरडा झाला होता, आणि गुडघा टेबलाखाली लांब करून ठेवावा लागत होता. समोर आता एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघराचे प्रकरण होते. तक्रार भेदभावाची आणि छळाची. करणारी तेथील एक कामगार स्त्री, आणि जिच्याविरुद्ध केली ती असामी म्हणजे तेथील मुकादम.

धुलाईघरात चादरी मिटण्याची एक रीत असते. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोके धरायची. एकीने झटका द्यायचा, दुसरीने तो अंगावर घ्यायचा. मग कोपऱ्याला कोपरा जुळवीत एकमेकींकडे चालत यायचे, आणि बोटांना बोटे भिडली की एकीने सोडायचे, दुसरीने धरायचे. दिवसभर हेच. ही तक्रारदार स्त्री आणि तिची थोरली जाऊ, दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एकाच इमारतीत वर-खाली राहणाऱ्या. चादरीच्या टेबलावर त्यांची जोडी अनेक वर्षे टिकली होती, आणि सारे धुलाईघर त्यांना ‘धाकटी-थोरली’ असे एका दमात म्हणत असे.

पुढे धाकटीच्या बोटांवर कोड उमटले. प्रथम नखांपाशी, नंतर मनगटापर्यंत. त्यानंतर एका सकाळी मुकादमांनी तिला मागच्या कोपऱ्यातील टेबलावर पाठविले. धुवूनही ज्यांच्यावर रक्ताचे वा औषधाचे डाग राहतात, ते कपडे तेथे निवडून वेगळे काढावे लागतात. ते काम एकटीचे. त्याला ‘डागाचे टेबल’ म्हणत, आणि थोड्याच दिवसांत धाकटीला ‘डागवाली’ म्हणू लागले.

“मॅडम, मी काय वाईट केलं, तुम्हीच सांगा,” मुकादम म्हणाले. ते सतत घाईत असत, आणि खुर्चीवर बसूनही उभे असल्यासारखे दिसत. “कडेचं टेबल आहे. वारा येतो. कुणाची कटकट नाही. लोक मागतात ते टेबल.”

“कोण मागतं?” धाकटीने विचारले.

मुकादम विचारात पडले. “मागतील,” ते म्हणाले.

“आणि ते नाव?” मध्यस्थ बाईंनी विचारले.

“ते तर टेबलावरनं पडलं. त्या टेबलावर जो बसेल तो डागवाला. यात यांच्या हाताचा काय संबंध?”

“माझ्या आधी तिथं एक लंगडत चालणारे गृहस्थ होते,” धाकटी म्हणाली. “त्यांना तुम्ही काका म्हणायचात.”

यावर मुकादमांनी रुमालाने मान पुसली. मध्यस्थ बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकविला, आणि धाकटीला विचारले, “तुम्हांला नक्की काय हवंय?”

“चादरीचं टेबल. आणि समोर माणूस.”

“अहो, माणूस कुठून आणू?” मुकादम म्हणाले. “पाळी लावता येते मला, पण कुणाच्या मनात शिरता येतं का? त्यापेक्षा ऐका माझं. गणतीच्या खिडकीवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे. ग्रेड वाढवून देऊ म्हणालेत वरचे साहेब. आयुष्यभर उभं राहून काय मिळवायचंय?”

“खिडकीवर समोर कोण असतं?”

“वॉर्डातली माणसं येतात की चादरी न्यायला. दिवसभर रीघ असते.”

“मध्ये काच असते,” धाकटी म्हणाली.

नियमानुसार मध्यस्थ बाईंना आता एक गोष्ट सांगणे भाग होते, आणि ती कोणत्याही बाजूला न झुकता सांगावयाची होती. आज समेट झाला नाही तर ही बैठक अखेरची ठरेल. प्रकरण न्यायाधिकरणाकडे जाईल. तेथे वर्षे लागतील, आणि तोवर धाकटी आहे त्याच टेबलावर राहील.

“तिथं तुम्ही जिंकालही,” त्या म्हणाल्या.

“जिंकले तर काय देतील?”

“भरपाई. यांना ताकीद मिळेल. कदाचित जुनी जागाही परत मिळेल.”

“आणि समोर जी उभी राहील ती?”

“तिच्या मनाचं न्यायाधिकरणाला काही करता येत नाही.”

“तुम्हांला येतं?”

खोटी आशा देण्याइतकेही त्राण मध्यस्थ बाईंच्यात उरले नव्हते, आणि कदाचित म्हणूनच त्या खरे बोलल्या. “मलाही नाही,” त्या म्हणाल्या.

मुकादमांनी मग खिशातून व्यवस्थापनाने तयार करून दिलेला मजकूर काढला, आणि उभे राहून वाचावयास घेतला. “आमच्या कोणत्याही कृतीमुळे आपल्या भावना दुखावल्या असतील तर...”

हे वाक्य मध्यस्थ बाईंनी या खोलीत इतक्या वेळा ऐकले होते, की त्यातील ‘तर’ केव्हा येणार हे त्यांना श्वासावरून कळत असे. त्यांनी हात किंचित वर केला. “हे वरच्या साहेबांचं झालं. तुमचं काय आहे?”

“माझं?” मुकादम गोंधळले. कागद त्यांनी टेबलावर ठेविला आणि ते पुन्हा खाली बसले. “माझं असं की, ताई, मनात काही नव्हतं हो. तुमच्या कामाबद्दल आपण कधी एक शब्द काढला नाही. कुठलंही कापड अडलं तर मी सगळ्यांना आधी काय सांगतो? डागवालीला विचारा, डागवालीला—”

ते थांबले.

धाकटी रागावली नाही. तिने बोटे टेबलाच्या कडेवर ठेविली होती, ती तशीच राहू दिली. “बघा मॅडम,” ती म्हणाली, “शिवी म्हणून म्हणत नाहीत ते. शिवी असती तर मला लिहून देता आलं असतं. हे तक्रारीत कसं लिहायचं, तेच कळत नव्हतं.”

“तोंडात बसलंय,” मुकादम अगदी हळू म्हणाले. त्यांची घाई कोठे गेली कोण जाणे. मग त्यांनी विचारले, “आधी मी तुम्हांला काय म्हणायचो?”

“धाकटी.”

“हो. धाकटी.”

“पण थोरली चादरीच्या टेबलाला राहिली, मी इकडं आले. मग धाकटी कुणाची म्हणायची? नाव रिकामंच झालं. तुम्ही त्यात दुसरं भरलंत.”

मुकादमांनी मान खाली घातली. “मी चुकलो,” ते म्हणाले. मध्यस्थ बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेविला. “ते तर-बीर काही नाही. मी चुकलो. पण मॅडम, जोडी मी तोडली नाही. यांच्या जाऊबाई बाहेर बसल्यात. मीच आणलं त्यांना, माझ्या बाजूनं बोलायला. आता बोलवा, आणि त्यांनाच विचारा.”

थोरली आत आली. धाकटीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली, पदर घट्ट धरलेला. धाकटीशेजारची खुर्ची मोकळी होती. तिने ती सोडून पलीकडची घेतली, आणि बसल्यावर आपण काय केले हे तिच्या ध्यानात आले. पण आता उठणे अधिक वाईट दिसले असते. म्हणून ती तेथेच बसली. येथे बोलण्याची सक्ती नाही, आणि जे बोलले जाईल ते बाहेर कोठे वापरले जाणार नाही, असे मध्यस्थ बाईंनी तिला सांगितले.

“मीच म्हटलं मुकादमांना,” थोरली म्हणाली. “हिला दुसरीकडं लावा, आणि माझं नाव सांगू नका म्हटलं.”

“मला माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“माहीत होतं, तर मग यांच्यावर कशाला तक्रार केलीस?”

“जावेवर करायची तक्रार कुठल्या कचेरीत घेतात, जाऊबाई?”

मुकादमांना हसू आले असावे; त्यांनी ते खोकल्यात दडविले. थोरली हसली नाही.

“डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “लागत नाही, शिवल्यानं पसरत नाही. डोक्याला पटलं. हाताला पटेना. चादर मिटताना तुझी बोटं जवळ आली की माझा हात आपला मागं यायचा. तुला दिसायचं ते. तू काही बोलायची नाहीस, नुसती चादर सावरून घ्यायचीस. दिवसभर तेच. मला ते सोसेना गं. म्हणून मुकादमांना म्हटलं, नजरेआड करा.”

“तुम्हांला सोसेना, म्हणून मी कोपऱ्यात.”

“हो.”

“आणि जिन्यात भेटलात की विचारायचात, भाजी काय केलीस. आवाज एवढा गोड काढून.”

“मग काय भांडू तुझ्याशी?”

“भांडायचं होतं,” धाकटी म्हणाली. “वीस वर्षं भांडलो की आपण. पाण्यावरनं, पोरांवरनं, दोरीवरच्या कपड्यांवरनं. तुम्ही एकदम चांगल्या वागायला लागलात, तेव्हाच मी समजले, आपलं काही खरं नाही.”

अशा वेळी बोलण्याजोगी काही वाक्ये मध्यस्थ बाईंच्या संग्रही होती. इतक्या वर्षांत ती कितीदा उपयोगी पडली होती. आज त्यांनी त्यांतले एकही उच्चारले नाही. हे शहाणपणाने केले की थकव्याने, ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

थोरलीने पदर सोडला, पुन्हा धरला. “सोमवारी मी तुझ्यासमोर उभी राहते,” ती म्हणाली. “राहीन म्हणजे राहीन. पण हात मागं आला तर? तो माझं ऐकत नाही. खोटं कशाला बोलू?”

धाकटीने आपल्या बोटांकडे पाहिले. तिला हवा असलेला माणूस समोर आला होता; पण निःशंक हात घेऊन आलेला नव्हता. नाही म्हणण्याचा अधिकार तिला पुरेपूर होता, आणि ती म्हणाली असती तर त्या खोलीत कोणीही तिला दोष दिला नसता.

“येऊ दे मागं,” ती अखेर म्हणाली. “मला दिसलं, तर मी आता बोलेन. गप्प नाही बसायची. तुम्हीही बोला. चादर तेवढी खाली पडू देऊ नका. परत धुवावी लागते.”

समझोत्याचा मसुदा लहानच झाला. धाकटी सोमवारपासून चादरीच्या टेबलावर. डागाच्या टेबलावर पुढे सर्वांनी पाळीपाळीने काम करायचे. ते नाव कोणी कोणाला लावायचे नाही, आणि मुकादमांनी ‘मी चुकलो’ हे दोन शब्द सर्व पाळीसमोर बोलायचे. थोरलीविषयी एक कलम लिहून पाहिल्यावर मध्यस्थ बाईंनी ते खोडले. ज्या हाताने स्वतःच्या मालकिणीलाही वचन दिलेले नाही, त्याच्याकडून सही कशी घ्यावी?

सह्या झाल्या. मुकादम दारापाशी अडखळले. “धाकट्या—” असे म्हणून ते थांबले, कारण पुढे ‘बाई’ म्हणावे की ‘ताई’ हे त्यांना ठाऊक नव्हते. पण तेवढे म्हणून ते गेले. त्यांच्यामागून दोघी जावा निघाल्या. बाहेरचा मार्ग रुंद होता. दोघींमध्ये एक माणूस सहज चालू शकेल एवढे अंतर होते, आणि थोरली काहीतरी तक्रारीच्या सुरात बोलत होती. काय, ते ऐकू आले नाही. धाकटीने उत्तर दिले, तेही थोडे चढ्या आवाजात.

मध्यस्थ बाईंनी डोळे मिटून घेतले. हा समझोता टिकेल की नाही, हे सांगण्याइतके ज्ञान त्यांच्याजवळ नव्हते, आणि तसे कोणाजवळच नसते.

ज्यांचे मन पुढे गेले आहे आणि हात अद्याप मागे राहिला आहे, त्यांना त्या हाताची वाट पाहण्याचा धीर लाभो. ज्यांना अशा हातासमोर उभे राहावे लागते, त्यांचे खांदे लवकर न थकोत. आणि त्या दोघींचे भांडण सुखरूप राहो.