या ना कधी आमच्याकडे

शिखर मागून येत होतं. त्याला घाई नव्हती. शालनताई चालल्या की ते चालायचं, त्या थांबल्या की थांबायचं. पहिल्यांदाच कुणाच्या घरी निघालेला पाहुणा कसा यजमानाच्या जरासा मागे राहतो, तसं.

"वळून बघू नका," शालनताई नवऱ्याला म्हणाल्या. "बरं दिसत नाही ते."

"त्यात काय बरं दिसत नाही?" असं म्हणून दिगंबररावांनी वळून बघितलंच. मग नजरेनंच त्याची लांबीरुंदी मोजली. बार्शीच्या पेठेत जन्मभर कापडाचं दुकान चालवलेला माणूस. मोजल्याशिवाय राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आल्प्सच्या त्या खोऱ्यात त्यांच्या लेकीचं, ऋजुताचं, घर होतं. तिच्या बाळंतपणासाठी दोघं आली होती. मुलगी झाली होती, बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून सगळे तिला नुसतं ठकी म्हणत. आल्यापासून शालनताईंनी डिंकाचे लाडू, शेक आणि धुरी यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. शेवटी लेकीनंच दोघांना घराबाहेर काढलं. "आई, एवढ्या लांब आलीस आणि डोंगर खिडकीतूनच बघणार का? रोपवेनं वर जा, पायवाटेनं उतरा. इथे म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा उतरतात."

"म्हणजे मी म्हातारी," शालनताई म्हणाल्या.

"कोतारी," दिगंबरराव म्हणाले.

वर सगळं ठीक होतं. शिखर आपल्या जागी होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी माथ्यावर दगडांची एक रास रचली होती. शालनताईंनी दशमी आणि शेंगाची चटणी आणली होती, त्यातला पहिला घास त्यांनी त्या राशीवर ठेवला. कुणाच्या दारी जायचं आणि रिकाम्या हातानं, हे त्यांच्यात नव्हतं. दोघांनी जेवण केलं, फोटो काढले, आणि निघताना शालनताई मागे वळून सवयीनं म्हणाल्या, "बरं, येतो आम्ही. या ना कधी आमच्याकडे."

हे त्या सगळ्यांनाच म्हणत. दात काढणाऱ्या डॉक्टरांना म्हणत, विमानात शेजारी बसलेल्या बाईला म्हणत. आजवर कुणी आलं नव्हतं. यायचं नसतंच. हे बोलावणं खरं नाही हे बोलावणाऱ्याला माहीत असतं आणि ज्याला बोलावलं त्यालाही. दोघं मिळून ते हवेत सोडून देतात आणि आपापल्या वाटेनं जातात. शिखराला हे माहीत नव्हतं. त्याला आजवर कुणी कुठे बोलावलंच नव्हतं.

"अगं, पत्ता तरी दे बिचाऱ्याला," दिगंबरराव हसत म्हणाले.

शालनताईंनी खाली बोट दाखवलं. "ते बघा, लाल खिडक्यांचं. गॅलरीत दुपटी वाळत घातलीयेत ना, तेच."

तेव्हा दोघंही खूप हसली होती.

आता उतरताना पहिल्यांदा जाणवली ती थंडी. एवढं उतरलं की हवा उबदार होते, स्वेटर काढावा लागतो, असं ऋजुतानं सांगितलं होतं. हवा वरच्यासारखीच राहिली. झाडं सुरू व्हायला हवी होती, ती झालीसुद्धा. पण जवळ जावं तर त्यांच्या बुंध्याशी खडी आलेली असायची, आणि ओलांडून गेल्यावर मागे झाडं नसायची, शिखराचा पायथा असायचा. आवाज फार नव्हता. तांदूळ निवडताना सुपात होतो तेवढाच.

एका कुरणात गळ्यात घंटा बांधलेली गाय चरत होती. शालनताईंनी तिच्याकडे बघितलं, तिनं शालनताईंच्या मागे बघितलं. पुढच्या वळणावर घंटा अजून वाजत होती, पण आता ती दगडांच्या खालून वाजत होती. सावकाश, चरताना वाजावी तशी.

एक तरुण जोडपं खालून चढत आलं. दोघांनी हसून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि चार पावलांत ती माथ्यावर पोचलीसुद्धा. मुलगी आनंदानं ओरडली. मुलानं घड्याळ बघितलं, कानाशी धरून हलवलं.

"त्यांना सांगा हो," शालनताई म्हणाल्या.

"काय सांगू? आणि कुठल्या भाषेत?"

तेवढ्यात फोन वाजला. ऋजुता होती.

"आई, कुठपर्यंत आलात? इथे एकदम सावली पडलीय. एवढ्यात ऊन कधी जात नाही. ठकीला उन्हात घेऊन बसले होते, आत यावं लागलं."

शालनताईंनी खाली बघितलं. गाव बरंच जवळ आलं होतं. लाल खिडक्यांच्या घरावर सावली होती आणि सावलीला टोक होतं. त्या जागीच थांबल्या. सावली थांबली.

"आलोच," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला. मग नवऱ्याचा हात धरला. "अहो, हे आपल्याबरोबर घरी येतंय."

"दिसतंय मला."

"घर केवढं आहे तिचं. दोन खोल्या आणि ती गॅलरी. ह्याला बसवणार कुठं?"

दिगंबररावांनी कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत त्यांना घाम आला होता. "तू बोलावलंस, तूच नाही म्हण."

"तोंडावर?"

"मग काय पाठीमागे म्हणणार आहेस?"

शालनताई वळल्या. शिखर अगदी जवळ होतं, त्याचा गार श्वास त्यांच्या कपाळाला लागत होता. त्यांनी पदर सारखा केला. आयुष्यात त्यांनी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं नव्हतं. "काय आहे," त्या म्हणाल्या, "घरात जरा अडचण आहे. बाळंतीण आहे. सोयर आहे आम्हाला." सोयर कधीच फिटलं होतं, पण तेवढं खोटं चालतं. "तेव्हा पुन्हा कधीतरी या. निवांत."

शिखरानं विचार केलेला दिसला. मग वरून एक दगड गडगडत आला, हळू, कुणाला लागू नये अशा बेतानं, आणि त्यांच्या पायाशी थांबला. गुळगुळीत होता, ठकीच्या डोक्याएवढा, आणि टाळू असते त्याच जागी त्याला मऊसा खळगा होता.

"हे काय?" दिगंबररावांनी विचारलं.

"बाळंतविडा," शालनताई म्हणाल्या. "बाळ आहे म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून."

आता तर नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती.

मग दिगंबररावांना सुचलं. पाहुणे यायचे असले की घरातला एक जण पुढे जातो. वर्दी द्यायला. "मी पुढे होतो," ते मोठ्यानं म्हणाले, शिखराला ऐकू जाईल असं. "घरी सांगतो. जरा आवरून घेतील." आणि हळूच बायकोला म्हणाले, "दोघींना उचलतो आणि पलीकडच्या खोऱ्यात जातो. तू हलू नकोस. तुझ्या मागे आहे ते, माझ्या नाही."

"आणि मी?"

दिगंबररावांनी बायकोच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, बाजारातून येताना घेत तशी, आणि उतारावरून पळत सुटले. शिखर जागचं हललं नाही. ते शालनताईंचं पाहुणं होतं.

त्या खाली बसल्या. काहीतरी बोलत राहायला हवं होतं. दारात उभं राहून माणसं किती वेळ बोलतात. बोलणं संपेपर्यंत ना आत जाता येतं, ना निघता येतं. त्यांनी बार्शीबद्दल सांगितलं. तिकडे सगळं सपाट, हे सांगितलं, आणि सांगितल्यावर जीभ चावली, कारण शिखर थोडं पुढे झुकलं होतं. त्याला ते आवडलेलं दिसलं. सपाट म्हणजे मोकळी जागा. त्यांनी विषय बदलला. गुडघ्यांचं सांगितलं, जावयाच्या नोकरीचं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की खडी त्यांच्या मांडीपर्यंत आली आहे. ती ढकलत नव्हती. ऐकायला जवळ सरकली होती, एवढंच.

फोन वाजला.

"आई, बाबा आलेत. धापा टाकतायत. म्हणतात ठकीला उचल आणि चल, डोंगर येतोय. साखर उतरलीय त्यांची, घाम बघ किती. मी बसवलंय त्यांना आणि गूळ दिलाय. तू कुठे आहेस?"

"ऋजू, बाबा म्हणतात तसं कर."

"म्हणजे कसं? आणि तुझ्याबरोबर कुणीतरी आहे म्हणतात. कोण आहे?"

शालनताईंनी वर बघितलं. शिखरही फोनकडे बघत होतं.

"आहे एक जण," त्या म्हणाल्या.

"मग घेऊन ये ना त्यांना. बाहेर कशाला उभं केलंयस?"

"ऋजू, ऐक."

"आई, तुटतंय. मोठ्यानं बोल."

पाहुण्याच्या देखत असं बोलायचं नसतं. पण त्यांना ठकीची टाळू आठवली, सकाळी तेल जिरवताना बोटाखाली धडधडत होती ती, आणि जन्मभराची रीत त्यांनी एका झटक्यात सोडली. सगळा जीव गोळा करून त्या ओरडल्या, "नको! दार उघडू नको!"

डोंगरात ओरडलं की डोंगर परत बोलतो. पण सगळं परत देत नाही. जे आवडलं ते देतो. शिखरानं "नको" तेवढं ठेवून घेतलं आणि उरलेलं, शालनताईंच्याच आवाजात, अगदी अदबीनं फोनवर घातलं.

"दार उघडू?"

"अगं, विचारतेस काय?" ऋजुता हसली. आईसारखीच हसायची ती, आईसारखीच वाढलेली होती. "चहा टाकते मी. या ना!"

शिखर उठलं. आता त्याला शालनताईंची गरज नव्हती, खुद्द घरच्या बाईनं बोलावलं होतं. ते त्यांना वळसा घालून गेलं, साडीला खडासुद्धा लागू नये अशा बेतानं, अर्धं डावीकडून आणि अर्धं उजवीकडून, आणि पुढे जाऊन पुन्हा एक झालं. त्यांच्या मांडीवरची खडी निघून गेली. त्या उठल्या आणि धावल्या, पण आता मागे राहायची पाळी त्यांची होती. त्या धावल्या की ते चालायचं, आणि अंतर तेवढंच राहायचं. त्यांना नुसती त्याची पाठ दिसत होती. त्यांच्या स्वतःच्या पाठीशी, जिथे सकाळपर्यंत डोंगर होता, तिथे नुसतं आभाळ होतं, जमिनीपर्यंत.

फोन हातात चालूच होता. त्यातून दिगंबररावांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ऋजू, थांब," ते म्हणाले. मग कडी काढल्याचा आवाज आला.

दारापाशी शिखर थांबलं. वाकलं. अंगावरचा सगळा बर्फ त्यानं काढला आणि उंबऱ्याबाहेर, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पायात येऊ नये असा, भिंतीला लावून नीट ठेवला.