कृती विचारू नकोस

आबांनी खानावळ बंद केली त्याला दोन वर्षं होत आली होती आणि या दोन वर्षांत त्यांनी मुख्यतः उकडलेले बटाटे खाल्ले होते. एका तापाने त्यांचं नाक गेलं आणि नाकापाठोपाठ जीभही. ज्याला मीठ कळत नाही त्याने लोकांच्या पानात वाढू नये, असं म्हणून चाळीस वर्षांचा धंदा त्यांनी एका दिवसात बंद केला. तेव्हापासून ओट्यापाशी उभ्याने चार घास गिळायचे, हात धुवायचे आणि खिडकीत जाऊन बसायचं, असं चाललं होतं. कुणी आग्रह केला की म्हणायचे, तोंडात सगळ्याची मातीच होते, मग बटाट्याची झालेली काय वाईट?

त्यांची मुलगी वजनमाप खात्यात होती. दुकानांचे, गोदामांचे, कारखान्यांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर मालकाला धारेवर धरायचं. खात्यात तिला सगळे काटेताई म्हणत आणि तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे काही म्हटलेलं तिला खपत नसे. घरात ही दोघंच. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की नाक परत येईल की नाही याची खात्री देता येत नाही, पण वजन असंच उतरत गेलं तर पुढचं साधं सर्दी-पडसंही यांना पेलवणार नाही. पन्नासच्या खाली जाऊ देऊ नका. त्या दिवशी आबा एकावन्न किलो भरले.

आणि नेमकी तेव्हाच तिची फिरतीवर नेमणूक झाली. वर्षभर गावोगाव हिंडायचं आणि दर दुसऱ्या शनिवारी घरी यायचं. तिने साहेबांपुढे खूप रदबदली केली, पण साहेब बधले नाहीत. शेजारच्या काकूंनी डबा द्यायचं कबूल केलं. काटेताई घराबाहेर पडली.

पहिल्या आठवड्यात तिने फोन केला तेव्हा आबांनी सवयीने विचारलं, काय जेवलीस? ती म्हणाली, बस डेपोमागच्या हॉटेलात आमलेट. कसं होतं? चांगलं होतं.

"चांगलं म्हणजे काय?" आबा म्हणाले. "काटा तपासल्यावर कागदावर 'चांगला' असं लिहून येतेस का?"

एवढं लांब वाक्य आबा कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.  दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्याच हॉटेलात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन आमलेट खाल्लं. खानावळवाल्याची मुलगी असून तिला खाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणापासून पुढ्यात आयतं चांगलंच आलेलं, मग कशाला कळेल? पण मोजायला ती शिकलेली होती. रात्री तिने सांगितलं, की कडा कागदासारख्या पातळ आणि कुरकुरीत, मधे बोटभर भाग अजून ओलसर, आणि त्याने तव्यावर झाकण ठेवून तवा विस्तवावरून उतरवला, मग साठ आकडे मोजण्याइतका वेळ हातच लावला नाही. आबा म्हणाले, हां, म्हणजे माणूस जाणता आहे.

पुढच्या मुक्कामी बंदर होतं. तिथे आठ टेबलांच्या एका हॉटेलात तिला असा मासा मिळाला, की पाठीचा काटा निघेपर्यंत तिने मान वर केली नाही. आबांना सांगायचं म्हणून ती थेट आत गेली आणि आचाऱ्याला विचारलं, हा करता कसा? आचारी ताठ उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा बोलायला लागला. तेल दीड चमचा, मीठ पाव चमचा, मासा तीन पाण्यांनी धुतो, भांडी गरम पाण्याने घासतो. तिने सगळं वहीत लिहून घेतलं आणि शनिवारी घरी जाऊन आबांना वाचून दाखवलं.

आबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, गळ्यात काय होतं तुझ्या? तिच्या गळ्यात खात्याचा बिल्ला होता. झोपतानाच काय तो निघायचा.

"अगं, त्याला वाटलं धाड पडली," आबा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "दीड चमचा! जगातला कुठला आचारी दीड चमचा तेल घालतो? मासा कसाही केला असेल, पण त्याने सांगितला तसा नक्कीच नाही."

तिलाही हसू आलं. मग आबांनी तिला धंद्यातली गोम सांगितली. बिल्ला काढून पिशवीत टाकायचा. आणि कृती विचारायचीच नाही, कारण कृती कुणी कुणाला देत नाही. काहीतरी चुकीचं बोलायचं. हे अमुक करून केलंय ना, असं म्हणायचं. आचारी सगळं सहन करतो, पण आपल्या हातचं कुणी चुकीचं सांगितलेलं सहन करत नाही.

ही युक्ती इतकी लागू पडली, की काटेताईला थोडी लाजच वाटली. डोंगरातल्या एका गावात, ट्रक थांबतात तिथल्या खानावळीत तिला लाल घेवडा मिळाला, जिभेवर ठेवताच विरघळणारा. ती नुसती म्हणाली, कुकरच्या पाच शिट्ट्या दिल्यात वाटतं. म्हातारा मालक गल्ला सोडून उठला, तिला दंडाला धरून आत घेऊन गेला आणि पहाटेपासून निखाऱ्यावर बसलेलं मडकं दाखवलं. एका जंक्शनवर तिने भरल्या भोपळ्याबद्दल असंच काहीतरी उलटं विधान केलं, तर आचारीणबाईंनी बोलत बसवून तिची गाडी चुकवली. सगळ्यांत कहर केला तो गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या दोन जावांनी. त्यांच्याकडचं मसुराचं सूप साधं दिसायचं, पण वर काळपट तळलेला कांदा असायचा आणि त्या कांद्याने सगळी वाटी ताब्यात घेतलेली असायची. कांदा काळा करायला साखर घालता ना, असं तिने विचारलं. धाकटी जाऊ हातातलं काम टाकून समोर येऊन बसली आणि पाऊण तास कांद्यावर बोलली. थोरली आतून दुरुस्त्या सुचवत होती.

आणि दर दुसऱ्या रविवारी आबा ओट्यापाशी उभे राहायचे. काटेताई सांगायची, ते करायचे. मीठ तिने बघायचं, रंग आणि आवाज त्यांनी. अर्ध्या वेळा तर तिने ऐकलेल्यातलं काय खोटं असणार ते चुलीपाशी उभं राहूनच त्यांना कळायचं. जेवण झालं की ती त्यांना घरातल्या वजनकाट्यावर उभं करायची. साडेएकावन्न. बावन्न. थंडीत त्रेपन्न. दर वेळी तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती सोमवारी पुन्हा उत्साहाने गाडी धरायची.

परक्याच्या काट्यावर माशी बसलेली तिला दिसायची. पारड्याखाली चिकटवलेली चपटी पट्टी ती नुसत्या बोटाने ओळखायची. आणि घरात सख्खा बाप जाड कोट घालून काट्यावर उभा राहत होता. थंडी वाजते म्हणाले, आणि तिला ते पटलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा तिने तो कोट धुवायला म्हणून खुंटीवरून काढला. तो हातातून निसटून खाली पडला आणि फरशीवर ठण्णकन आवाज झाला. एका खिशात एक किलोचं पितळी वजन होतं आणि दुसऱ्यात दोन किलोचं. दोन्ही खानावळीतली. त्यांच्यावरच्या शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती, हेही तिला त्या स्थितीत दिसलं.

ती दोन्ही वजनं दोन हातांत घेऊन खिडकीपाशी गेली. आबांनी पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. तिला आधी राग आला आणि मग भीती वाटली. मनातल्या मनात तिने वजाबाकी केली. पन्नास, आणि कोट धरला तर त्याहूनही कमी.

"मी जगाच्या वजनातल्या चोऱ्या पकडत फिरते," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याच डोळ्यांत धूळ फेकलीत?"

आबांनी तिच्या हातातली दोन्ही वजनं घेऊन खिडकीत ठेवली. मग म्हणाले, "तुझा चेहरा उजळायचा गं आकडा बघून. आणि मला भीती होती, की वजन वाढत नाही म्हटल्यावर तू हे सांगणं बंद करशील. ते मी दोन आठवडे वाट बघून ऐकतो. तू बोलतेस तेव्हा मला चव आठवते. अगदी स्पष्ट आठवते. पण तू गेलीस आणि ओट्यापाशी घास घेतला, की पुन्हा माती."

 ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. बाहेर आली ती ठरवूनच. फिरतीचा एकच महिना उरला होता आणि शेवटचा मुक्काम पुन्हा गिरणगावात होता. आबांनी बरोबर यायचं. आबांनी साफ नकार दिला. दुसऱ्या आचाऱ्याचं अन्न चव न कळता गिळायचं आणि अर्धं टाकून उठायचं, हा त्या माणसाचा अपमान आहे, तो मी करणार नाही, म्हणाले. काटेताई म्हणाली, तर मग मीही जात नाही, बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवून येते. ती बोलली तसं करते, हे आबांना चांगलं ठाऊक होतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी पिशवी भरली.

जावांच्या खानावळीत ती दोघं पोहोचली तेव्हा दुपारच्या सुट्टीचा भोंगा नुकताच झाला होता. थोरली गल्ल्यापाशी बसलेली, उजवा हात गळ्यात बांधलेला. पायरीवरून घसरून मनगट मोडलं होतं. धाकटी एकटीच आत-बाहेर करत होती आणि बाकांवर पन्नासेक माणसं ताटकळत होती. कोपऱ्यात जागा मिळाली. धाकटीने काटेताईला ओळखलं, दोन वाट्या आणून आदळल्या आणि पळाली.

आबांनी चमचाभर सूप तोंडात घेतलं. काटेताई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान हलवली. काही नाही. तिला इतकी आशा होती, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि आपल्या वाटीत उगाच चमचा फिरवत बसली.

तेवढ्यात आबांनी कान टवकारले. आतल्या कढईतला आवाज बदलला होता. कांद्यातलं पाणी आटून तो आता नुसत्या तेलात बोलत होता, आणि धाकटी बाहेर कुणाला तरी पाव देत होती. आबांनी दोनदा धाकटीकडे पाहिलं. मग ते उठले, बाकांमधून वाट काढत आत गेले आणि त्यांनी कढई उतरवली.

आत कोण शिरलं म्हणून धाकटी धावत आली. पाहते तो एक हडकुळा म्हातारा झारा हातात घेऊन कांदा हलवतोय.

"आणखी दहा सेकंदांनी कडू झाला असता," आबा म्हणाले. "बाई, आधीच सांगतो. मला वास येत नाही, चव कळत नाही. मीठ तुम्ही बघा. कांद्याचं माझ्यावर सोडा."

धाकटीने कढईकडे पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि कांद्यांची पाटी त्यांच्याकडे सरकवली.

नंतरचा दीड तास काटेताई कोपऱ्यात बसून होती. तपासायचे काटे तसेच राहिले. आतून आबांचा आवाज येत होता, आधी हळू, मग खानावळीत असायचा तसा. ही पाटी संपली. आच कमी करा. कुणी मीठ बघितलं का? थोरली गल्ल्यावरून म्हणाली, काका, कांदा जरा लवकर काढताय. आबा म्हणाले, काढल्यावरही तो तापतच असतो, पाच मिनिटं थांबा आणि मग बोला. पाच मिनिटांनी थोरली मूग गिळून गप्प बसली.

गर्दी ओसरली. आबा बाहेर आले. सदरा पाठीला चिकटलेला, एका हाताने दाराची चौकट धरलेली, हाताला तेलाचे दोन चटके. काटेताईला वाटलं, आता हे कोसळतात. ती पाणी घेऊन उठली. आबा बाकावर बसले, तळवे टेबलावर टेकवले आणि जरा चमकल्यासारखे म्हणाले, "भूक लागलीये."

धाकटीने ऐकलं आणि सूप आणलं, पाव आणला, वर मूठभर कांदा घातला. आबांनी उभ्याने खातात तसं न गिळता बसून चावून खाल्लं. काटेताईने धीर करून विचारलं, कळतं का काही? ते म्हणाले, छे, मातीच आहे. पण गरम आहे, कांदा कुरकुरतोय, आणि पोटाला पाहिजे आहे.

थोरली सांगत होती, की हात अजून सहा आठवडे बांधलेला राहणार आहे आणि एकट्या धाकटीच्याने काही निभायचं नाही. तिचं अर्धं लक्ष आबांकडे होतं. आबांनी पावाच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली, सकाळी चूल किती वाजता पेटवता ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत वाटी पुढे केली.

"वाढा," ते म्हणाले. "आणि या खेपेला हात आखडू नका."