अडलेला व्हिडिओ

दोन हजार आठ साली मी टेंभुर्णीत नेटचं दुकान टाकलं. वेग म्हणाल तर त्यापेक्षा बैलगाडी बरी. गिऱ्हाईक मात्र शिव्या मलाच द्यायचं, जणू वायर मीच पायाखाली दाबून बसलोय.

दुर्गामावशी आल्या तेव्हा मी असाच वैतागलेला होतो. त्यांचा भुजंग महिन्यापूर्वी पुण्यात अपघातात गेला होता. त्याच्या वाढदिवसाचा व्हिडिओ मित्रांनी नेटवर टाकलेला.

"मच्छिंद्रा, लेकराचा आवाज तेवढा ऐकव रे."

मी व्हिडिओ लावला. केकपुढं उभा भुजंग हसला, बोलायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. मधोमध पांढरी चकरी फिरायला लागली.

"काय झालं?"

"येऊन राह्यलं, मावशी. थांबा जरा."

चकरी फिरतच राहिली. मी मनात लाईनच्या सात पिढ्या उद्धारल्या. मावशींचा चेहरा मात्र उतरला.

दहाव्यालाही असंच झालं होतं. मी नदीवर होतो. पिंडाला कावळा शिवेना. भावानं वचन दिलं, चुलत्यानं दिलं, "तुझ्या मायला सांभाळतो." कावळे झाडावरून हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. भुजंगचं मन कशात अडकलंय हे गावाला ठाऊक होतं. त्यानं परजातीच्या केशरशी लग्न केलं, आणि मावशींनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. दहाव्यालाही तिला पुण्याहून बोलावलं नाही. नदीवर सगळ्यांनी वचनं दिली, मावशींनी तेवढं दिलं नाही.

आता त्या खुर्चीवरून उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि पडद्यापुढं हात जोडले.

"अडू नगं रे राजा. केशरला मी घरी आणते. लेकीवानी ठिवते. जाय आता."

मावशी, ही लाईन आहे, कावळा नाही, असं सांगायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात चकरी गेली. भुजंगचे ओठ हलले, "माय, तू..."

मावशींनी पदर पडद्यावर टाकला. "बंद कर! शिवला कावळा."

"अहो, तुमच्याशीच बोलून राह्यला त्यो! ऐका तरी!"

"नगं. सुटलेल्याला माघारी बोलवू न्हाई."

मी व्हिडिओ बंद केला. ज्या आवाजासाठी ही बाई उन्हातून चालत आली होती, तो तिनं पुरता ऐकला नाही. मला रडू आवरेना. मावशी दारापर्यंत गेल्या आणि डोळे पुसत वळल्या.

"पुण्याची गाडी कव्हा हाय रे?"